नर्सिंगची सोडलेली जागा

बारावीचा निकाल लागल्यावर मी आणि माझी मैत्रीण बसने तिरुच्चीला गेलो. तिथल्या एका धर्मादाय रुग्णालयाला जोडून नर्सिंगचं कॉलेज होतं. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी वर्गातल्या सगळ्या मुलींना अर्ज करायला सांगितलं होतं. तंजावूरच्या आमच्या वर्गातून आम्ही दोघींनीच केला.

यादी कॉलेजच्या व्हरांड्यात फळ्यावर लावली होती. निवड झालेल्या मुलींत माझं नाव सर्वांत शेवटी होतं. त्याखाली एक आडवी रेघ. रेघेखाली प्रतीक्षा यादी, आणि तिथे पहिलं नाव माझ्या मैत्रिणीचं.

आम्ही दोघी बराच वेळ त्या कागदासमोर उभ्या होतो. मग ती म्हणाली, "तुझं आलं. बरं झालं." आणि खिडकीशी जाऊन माझ्यासाठी प्रवेशाचा कागद घेऊन आली. आठ दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा होता.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. एरवी आमची तोंडं थांबत नसत. त्या दिवशी तंजावूरजवळच्या वल्लमपर्यंत दोघी गप्प होतो.

ती शिंप्याची मुलगी. कीळवासलला तिच्या वडिलांचं दुकान होतं. आमचं घर मेल वीदीच्या मागच्या गल्लीत. मराठा राजांच्या काळापासून दोन्ही घरांत मराठीच बोलली जायची, पण त्यांची मराठी निराळी आणि आमची निराळी. यांतली कोणतीही पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो 'कुठून आलात' असं विचारेल. मला देवनागरी वाचता येते ती हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. तिला येत नव्हती. तिच्या घरी कोणालाच येत नव्हती.

माझे वडील ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत कारकून होते. रोज सकाळी बसने जायचे, दिवे लागायच्या सुमारास परत यायचे. त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, नीट घडी केली आणि परत दिला.

"सायन्स घेतलं की पुढं बँक आहे, एम.एस्सी. आहे, सरकारी परीक्षा आहेत," ते म्हणाले. "नर्सिंगच्या पुढं नर्सिंगच."

"मग मी काय करू, अप्पा?"

"तूं ठरव. मी आड येणार नाही."

ते खरंच आड आले नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही, जेवण टाकलं नाही. आई तेवढी स्वयंपाकघरातून म्हणाली, "परक्यांचं हगमूत काढायचं. रात्रपाळी. कोण करून घेणार हिला?" आणि तेही ती रसम उतरवत सहज बोलली, जसं काही भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी आजवर पुष्कळदा विचार केलाय की अप्पांनी स्पष्ट नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. माझ्यात तेवढा हट्ट होता. पण ज्याने दार उघडं ठेवलंय त्याच्याशी कसं भांडायचं ते मला कळेना.

मैत्रीण रोज संध्याकाळी यायची. आमच्या घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, दोघी बसायचो. ती कॉलेजचं काही विचारायची नाही. सिनेमाचं बोलायची, तिच्या धाकट्या बहिणीच्या पावाडैला, म्हणजे परकराला, लावलेल्या काठाचं बोलायची. जाताना एकदा माझ्याकडे बघायची. सहाव्या दिवशी मात्र तिने विचारलं, "तूं जात्येस का?"

"माहीत नाही गे."

"माझे बाबा रोज विचारतात," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलंय, तिचं आहे ते, तिला विचारायचं नाही. तरी आज विचारलं. रागावूं नकोस."

मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं की वैयक्तिक कारणांमुळे मी प्रवेश घेऊ शकत नाही. पोस्टात मीच टाकलं. टाकून झाल्यावर लगेच तिच्या घरी गेले नाही. मोठ्या देवळाच्या आवारात जाऊन गवतावर बसले. सुट्टीचे दिवस होते, शाळकरी मुलांची सहल आली होती, त्यांच्या बाई त्यांना नंदीभोवती रांगेत उभं करत होत्या. तासाभराने उठून कीळवासलला गेले. तिचे वडील मशीनवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाय थांबवला. मी म्हटलं, "मामा, मी नाही जात." ते उठले आणि त्यांनी मला नमस्कार केला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी इथल्याच मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राला गेले. मला ते आवडायचं, हे सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी तीन वर्षं रडत काढली. कोणीतरी पुडीत बांधून दिलेलं पांढरं मीठ आणि ते कशाचं आहे ते आपण शोधायचं. ज्योतीवर हिरवा रंग दिसला की बेरियम. उत्तर बरोबर आलं की कोणाला विचारावं लागत नाही, आपलं आपल्याला कळतं. पण प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या जागी जी मुलगी होती तिच्याशी माझं कधी जमलं नाही, दुसऱ्या कोणाशीही नाही. मी मैत्रिणीची सवय झालेली मुलगी होते.

ती तिरुच्चीहून पत्रं पाठवायची. तिला देवनागरी येत नव्हती म्हणून ती मराठीच तमिळ लिपीत लिहायची. तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर. त्यामुळे तिचं पत्र नुसत्या डोळ्यांनी वाचता यायचं नाही, मोठ्याने म्हणून पाहावं लागायचं. मी माडीवर जाऊन वाचायची. 'गाय' आहे की 'काय' आहे हे दोन-तीनदा म्हटल्यावर कळायचं. पहिल्या वर्षी पत्रं लांब असायची. वसतिगृहाचं जेवण, शवविच्छेदनाची खोली, पहिल्यांदा इंजेक्शन दिलेला म्हातारा. मग ती आखूड झाली. ड्युटी सुरू झाली होती. माझ्याकडे लिहिण्यासारखं तसं काही नसायचंच.

माझी पदवी तिच्या एक वर्ष आधी झाली. तेव्हा वर्तमानपत्रांत रोज यायचं की देश खुला होतोय, परदेशी कंपन्या येतायत. तंजावूरला आल्या त्या कम्प्युटरच्या शिकवण्या आणि एस.टी.डी.चे पिवळे बूथ. अप्पांनी ज्या बँका मोजून दाखवल्या होत्या त्यांनी भरती जवळजवळ बंद केली होती. मी रोजगार विनिमय कार्यालयात नाव नोंदवलं. त्यांनी एक कार्ड दिलं. खिडकीवरचा माणूस चांगला होता. तो म्हणाला, "केमिस्ट्री का? केमिस्ट्री पुष्कळ आहेत, अम्मा. नूतनीकरण करायला विसरू नका." त्या रांगेत मला माझ्या वर्गातल्या पाचजणी भेटल्या. आम्ही एकमेकींना ओळख दाखवली आणि आपापल्या जागी उभ्या राहिलो.

मी सरकारी परीक्षा दिल्या. एकदा तोंडी परीक्षेपर्यंत पोचले. नंतर एका खाजगी शाळेत लागले. तिथे विज्ञान शिकवायचं, गणित शिकवायचं, कोणी बाई आली नाही की चित्रकलाही शिकवायची. पोस्टाने एम.एस्सी. सुरू केलं.

मैत्रिणीच्या वर्गात पंचेचाळीस जणी होत्या. शेवटची परीक्षा व्हायच्या आधीच त्यांच्यापैकी निम्म्यांना त्यांच्याच रुग्णालयाने ठेवून घेतलं; उरलेल्यांना मद्रासहून, वेल्लोरहून बोलावणी आली. दोन वर्षांनी मद्रासमध्ये सौदीच्या रुग्णालयाचे लोक मुलाखती घ्यायला आले. ती गेली, आणि तीन महिन्यांत विमानात बसली. तिचे वडील ती बातमी सांगायला आमच्याकडे आले. आईने त्यांना कॉफी दिली. अप्पा त्यांच्याशी फार आदराने बोलले, मुलीची चौकशी केली, तिथे उकाडा असेल म्हणाले. ते गेल्यावर अप्पा कॉफीचा रिकामा टंबलर हातात घेऊन तसेच बसून राहिले.

माझ्या लग्नाचं बघायला आई लागली होती. आमच्यातली घरं थोडी. तंजावूर, कुंभकोणम, मद्रास, फार तर बंगलोर. दोन-तीन ठिकाणी पत्रिका जुळल्या आणि मग दुसरं काही जुळलं नाही. एकदा एक दूरच्या नात्यातल्या मामी आल्या. त्या स्थळं सुचवायच्या. त्यांनी सांगितलं, "मुलगा कम्प्युटरवाला आहे, बाहेर जायचं बघतोय. त्यांना मुलगीही तिथं नोकरी लागेल अशी पाहिजे." मग माझ्याकडे बघत, अगदी कळवळून, "हिनं नर्सिंग केलं असतं तर आज लगेच ठरलं असतं. आता कोणी काही म्हणत नाही हो त्याला."

अप्पा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ऐकलं. मामी गेल्यावर ते आत आले आणि मी भांडी आवरत होते तिथे दारात उभे राहिले.

"तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "जा म्हणायला हवं होतं, नाहीतर नको म्हणायला हवं होतं."

मी म्हटलं, "जाऊ दे, अप्पा."

त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही. दोन वर्षांनी आई गेली. मग घरात आम्ही दोघंच. सकाळी मी शाळेत जायची, ते निवृत्त झाले होते, ते दार लावून घ्यायचे. संध्याकाळी मी यायची, ते दार उघडायचे. कधीकधी एखाद्या दिवशी आमच्यात एवढंच व्हायचं.

मैत्रीण सौदीहून पहिल्या मोठ्या रजेवर आली ती आई गेल्यानंतरच्या वैशाखात. आता ती अंगाने भरली होती, केस कापले होते, मनगटावर जाडसर घड्याळ. अप्पांसाठी तिने रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं होतं. त्यांना खुर्चीवर बसवून त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आणि कानात नळ्या घालून ऐकू लागली. तेवढ्या वेळात ती मला अनोळखी वाटली. तिचं तोंड किती शांत झालं होतं. अप्पा एखाद्या मुलासारखे तिच्याकडे बघत होते. "थोडं चढं आहे, मामा," ती म्हणाली. "लोणचं कमी करा."

मग आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी इतक्या वर्षांत मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "तुझं बरं झालं गे. मला नाही जमलं."

ती समोरच्या घराच्या कोलमकडे, दारापुढच्या रांगोळीकडे, बघत होती. मग म्हणाली, "तुला एक सांगू का? मला नर्सिंग नको होतं."

मला वाटलं ती मला बरं वाटावं म्हणून बोलतेय.

"मला दुकानात बसायचं होतं," ती म्हणाली. "कापायला बसायचं होतं. मी बघूनच शिकले होते. बाबा मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, शिवून डोळे जातात, तूं शीक आणि यातून बाहेर नीघ. आणि ते रोज विचारायचे ना तुझी जागा रिकामी झाली का, तेव्हा मी मनात म्हणायची की तूं हो म्हणावंस. सहाव्या दिवशी मी तुला विचारलं ते त्यासाठी. तूं जात्यें म्हणाली असतीस तर मी सुटले असते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तूं विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. ते आठ दिवस मी माझ्याच दुःखात होते. माझं सोडणं म्हणजे तिला देणं, असं मी धरून चालले होते, आणि त्यात थोडा अभिमानही होता. इतकी वर्षं तो अभिमान मला पुरला होता.

"पहिलं वर्षभर पोटात जेवण टिकायचं नाही," ती म्हणाली. "मग टिकायला लागलं. आता मी चांगली नर्स आहे. हे खोटं नाही. बाबांचं घर झालं, बहिणीचं लग्न झालं. पण तिथं माझ्याशी आपलं बोलणारं एक माणूस नाही. मलयाळी मुली आपापसात बोलतात, फिलिपिनो आपापसात बोलतात. वॉर्डात कोणी मेलं की अंग पुसायचं काम असतं. त्या वेळी मी त्यांच्याशी मराठीत बोलत्यें. हात इकडं करा, झालं आता, असं. तेवढंच माझं मराठी."

मी तिचा हात धरायला हवा होता. तो विचार मनात आला तेव्हा ती उठून चपला घालत होती. पुढल्या वर्षी तिने इंग्लंडची परीक्षा दिली आणि तिकडे गेली. पत्रं थांबली, फोन येऊ लागला. फोन अप्पांच्या रक्तदाबाबद्दल असायचा.

त्याच सुमाराला पापनाशमच्या रस्त्यावर एक नवं खाजगी नर्सिंग कॉलेज निघालं. तशी तेव्हा सगळीकडेच निघत होती. त्यांना पहिल्या वर्षाला जीवरसायन शिकवायला कोणीतरी हवं होतं. माझं एम.एस्सी. झालं होतं. मी अर्ज केला आणि लागले. अशा रीतीने मी नर्सिंग कॉलेजात गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, खडू घेऊन.

मुली चांगल्या होत्या. त्यांना माझा विषय कंटाळवाणा वाटायचा, पण रक्तातली साखर, लघवीतलं प्रथिन असं सांगितलं की वर बघायच्या. त्यांची बाकीची वर्षं दुसऱ्या इमारतीत जायची, वॉर्डांत जायची. पहिल्या वर्षानंतर त्या मला लांबून हात करायच्या, आणि चौथ्या वर्षी निघून जायच्या. मद्रास, हैदराबाद, कुवेत. मला त्यांचे चेहरे आठवायचे ते अठरा वर्षांचेच. स्टाफरूममध्ये बाकीच्या सगळ्या नर्सिंगच्या. त्या वॉर्डांतल्या गोष्टी सांगून हसायच्या. त्यांत वाईट कोणी नव्हतं. पण मला ते हसणं अर्ध्यावरून ऐकू यायचं.

प्रवेशाच्या दिवसांत प्राचार्या मला चौकशीच्या टेबलावर बसवायच्या, कारण मी सावकाश बोलते. एका जूनमध्ये पापनाशमच्या रेशन दुकानात वजन करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीच्या हातात दोन कागद होते. एक आमच्याकडचा अर्ज, दुसरं कुंभकोणमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्रवेशाचं पत्र.

"अम्मा, तुम्ही शिकलेल्या," ते तमिळमध्ये म्हणाले. "दोन्ही बी.एस्सी.च म्हणतात. यात बरं कोणतं?"

मी त्यांना जे खरं होतं ते सांगितलं. नर्सिंग झालं की नोकरी मिळते, बहुतेक लगेच मिळते, आणि लांब मिळते. उभं राहून करायचं काम आहे, रात्रीचं आहे, मुलगी घरापासून दूर जाईल आणि सणाला येणार नाही. भौतिकशास्त्राच्या तीन वर्षांनंतर नुसती पदवी हातात येते. पुढं एम.एस्सी. लागतं, बी.एड. लागतं, परीक्षा द्याव्या लागतात, आणि तितकी वर्षं घरातल्यांनी 'काय झालं' असं न विचारता थांबावं लागतं. सगळ्यांना ते जमत नाही. "मीही तसलीच बी.एस्सी. आहे," मी म्हटलं. "मला दहा वर्षं लागली."

त्यांनी मान हलवली. त्यांचं ठरल्यासारखं दिसलं. ते पेन शोधू लागले.

मी त्यांना म्हटलं, गुणपत्रिकेची झेरॉक्स लागेल, रस्त्यापलीकडे दुकान आहे. ते गेले. मुलगी टेबलाच्या कडेला उभी होती. मी विचारलं, "तुला काय पाहिजे?"

तिने दाराकडे पाहिलं. "अप्पा म्हणतील ते."

"ते इथं नाहीत."

ती काही बोलेना. मीही बोलले नाही. माझ्या वडिलांच्या गप्प राहण्याला मी उत्तर समजले होते, आणि मैत्रिणीच्या गप्प राहण्यालाही. त्यामुळे या वेळी मी थांबले. बाहेर एक बस थांबून निघून गेली. शेवटी मुलगी खाली बघत म्हणाली, "फिजिक्स."

"का?"

"मला सर्किट जोडायला आवडतं. शाळेत सर मलाच सांगायचे."

वडील झेरॉक्स घेऊन आले. मी त्यांना बसायला सांगितलं आणि मुलीला म्हटलं, "आत्ता मला सांगितलंस ते अप्पांना सांग." तिने सांगितलं. आवाज इतका बारीक होता की त्यांना पुढे वाकावं लागलं. ते माझ्याकडे रागाने बघतील असं मला वाटलं होतं. ते फक्त दमलेले दिसले. "हे घरी का नाही सांगितलंस?" एवढंच त्यांनी विचारलं. मग दोन्ही कागद घडी करून खिशात ठेवले, मला नमस्कार केला आणि दोघं उन्हात बाहेर पडले. अर्ज भरला नव्हता. प्राचार्यांना मी काही सांगितलं नाही.

ते बरोबर केलं की चूक, हे मला त्या वर्षी कळलं नाही. आमच्या कॉलेजात आली असती तर ती चार वर्षांत कमावती झाली असती, हे मला ठाऊक होतं. तिचा बाप वजनकाट्यावर उभा राहणारा माणूस. त्याला थांबायची किती ताकद होती ते मी विचारलं नव्हतं.

अप्पा त्या डिसेंबरात गेले. सकाळी कॉफी घेता घेता गेले, मी शेजारी होते. मैत्रिणीने इंग्लंडहून फोन केला; ती म्हणाली, "अंग तूं पुसलंस का?" मी म्हटलं, "हो." "बोललीस का त्यांच्याशी?" मी म्हटलं, "नाही, सुचलं नाही." मी फोन कानाला धरून तिचा श्वास ऐकत राहिले, आणि या वेळी विचारलं, "तूं कशी आहेस?" मग तिने सांगायला सुरुवात केली. तिथं पाऊस होता, तिची पाठ दुखत होती, पलीकडच्या घरातल्या बाईने तिला शिवणाचं जुनं मशीन दिलं होतं आणि ती रविवारी पडदे शिवत होती. आम्ही कितीतरी वेळ बोललो.

दीड-दोन वर्षांनी पापनाशमच्या बसस्टँडवर ते रेशनवाले गृहस्थ दिसले. त्यांनीच मला ओळखलं. मुलगी कुंभकोणमला भौतिकशास्त्राला होती, शेवटच्या वर्षाला, वर्गात पहिली.

"पुढं काय?" मी विचारलं.

"एम.एस्सी. म्हणते," ते म्हणाले. "बघू. धाकटीला तुमच्याकडे पाठवतो, तिला नर्सच व्हायचंय. तिनं स्वतः सांगितलं."

तंजावूरची बस लागली होती. गर्दी नव्हती. मी चढले आणि पुढच्या बाकावर बसले. ते खाली उभे होते, त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण आहेत, अम्मा?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी एकटीच असते."

बस सुटेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.